रिकामा तळ

“मग लिहू ना बाई, तळ रिकामा आहे म्हणून?”

पराशरने मचव्यावरचा छोटा पडदा कमलिनीबाईंकडे वळवला. दोराने खाली सोडलेला कॅमेरा समुद्राचा तळ दाखवत होता. राखाडी चिखल, त्यात बारीक भोके. बाकी काही नाही.

तळावरचे किडे, शिंपले ओळखायला त्याला बाईंनीच शिकवले होते. आता त्या निवृत्त झाल्या होत्या आणि तो परदेशातून डॉक्टरेट घेऊन आला होता.

बंदरातून उपसलेला गाळ कुठे टाकायचा, हे त्याच्या अहवालावर ठरणार होते. इथे काही जगत नसेल, तर इथेच.

“कसं पाहिलंस?”

“कॅमेरा टेकवला, दिवे लावले, फोटो काढला, उचलला. सबंध उपसागर झाला. तुम्ही लोक जाळं ओढून निम्मे प्राणी मारायचात आणि मग मोजायचात. मी एकालाही धक्का लावला नाही.”

बाई हसल्या. “मारायचो खरे.”

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. “ही भोकं कुणाची?”

“जुनी असतील. सोडून दिलेली. जे दिसलं नाही ते मी कसं लिहू, बाई?”

“आणि ‘नाही’ हे दिसलं?”



बाईंनी हात पुढे करून दिव्यांचे बटण बंद केले. पडदा काळा झाला.

“अहो, अंधारात काय दिसणार?”

“बस.”

“बॅटरी उतरतेय...”

“बस म्हटलं ना.”

मचवा हलत राहिला. बाईंनी उकडलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. चार दाणे त्याच्या हातावर ठेवले. ते तसेच राहिले. तो काळ्या पडद्याकडे पाहत होता...

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

“आता लाव. अगदी मंद.”

त्याने दिवे मंद लावले.

भोकाभोकातून पिसाऱ्यासारखे तुरे बाहेर आले होते. पाण्यात हळूहळू डुलत होते. एका तुऱ्याला टेकून कुणीतरी पाच बारीक हात ताऱ्यासारखे पसरले होते. चिखल कुठे दिसतच नव्हता.

“बाई... हे सगळं...”

फोटो नीट यावा म्हणून सवयीने त्याचा हात बटणाकडे गेला. त्याने दिवे पूर्ण लावले.

पापणी लवायच्या आत सगळे आत गेले.

राखाडी चिखल. बारीक भोके.



“फोटो मिळाला नाही,” अखेर तो म्हणाला. “आता काय लिहू?”

“आधीच्या फोटोंखाली काय लिहिलंयस?”

“तळ रिकामा.”

“ते खोड.”

“आणि त्या जागी?”

बाईंनी शेंगांची टरफले पदरात गोळा केली.

“लिही... ‘मी दिवे लावून आलो होतो.’”