मेण्यातले थोर वैद्य

निंबगडच्या रायबाजीराजांना गाण्याचा भारी नाद. बेडकांच्या डराव डरावने आलापीचा विचका होतो म्हणून त्यांनी तळ्यातले बेडूक झाडून सारे पोत्यांत भरून हद्दीबाहेर सोडले. पुढच्याच पावसाळ्यात डास माजले, घरोघर हिवताप शिरला. राजेही पांघरुणात कुडकुडू लागले.

"बाळंभट, तुमच्या काढ्यात दम नाही!" ते राजवैद्यावर खेकसले. "तुमच्याहून थोर वैद्य आणा, नाहीतर गाव सोडा."

बाळंभटाला हे मनोमन पटलं. त्याच्या काढ्यांवर आजवर बाळसं धरलं होतं ते फक्त त्याच्या स्वतःच्या पोटाने.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत मेणा आला. पाहुण्या वैद्याच्या मेण्याचा पडदा राजाने स्वतः उचलायचा, असा तिथला रिवाज. राजांनी आदराने पडदा उचलला आणि टणाटण उड्या मारत बेडूक दरबारभर पसरले.

"ही काय थट्टा?"

"थट्टा कसली महाराज," बाळंभट म्हणाला, "हे तळ्यातले जुने वैद्य. आपणच त्यांना घालवलंत. गळा बेसूर खरा, पण डास खाऊन ते ताप अडवत होते. मला आपलं पंचपक्वान्न खाऊनही ते जमलं नाही."

राजे तापातही खदखदून हसले. बेडूक तळ्यात परतले. बाळंभटाचीही नोकरी टिकली, पण कुणी 'राजवैद्य' म्हणून हाक मारली की तो हात जोडायचा, "छे हो, मी बेडकांच्या हाताखालचा!"