न चाखलेला घास

ज्या काळी माडवेळच्या बंदरात शिडांची गलबतं लागत आणि गावात वेळ सांगायला फक्त भरती-ओहोटी होती, त्या काळची ही गोष्ट. म्हणजे फार फार वर्षांपूर्वीची.

माडवेळात आवडा नावाची एक सून नांदत होती. तिचा नवरा हिरू माडावर चढून माडी उतरवायचा. धाकटा दीर धाकू होडी घेऊन मासेमारीला जायचा. घराचा सगळा कारभार सासूकडे, सरसाबाईकडे. सरसाबाई मोठी खटपटी बाई. तिच्या हातची भाकरी इतकी पातळ, की आडून दिवा दिसावा, असं म्हणतात.

एका वर्षी नवरात्राच्या सुमारास धाकूची होडी गेली ती परत आलीच नाही. सगळं गाव किनाऱ्यावर उभं राहिलं. दर्याला नारळ दिले, देवाला कौल लावले. शेवटी वल्ह्याचा एक तुकडा तेवढा वाळूत येऊन पडला.

सरसाबाई रडली नाही. ती उंबऱ्याशी जाऊन बसली आणि तिनं खाणं सोडलं. पेज दिली, ती निवून गेली. माशाचं कालवण दिलं, ते मांजरानं खाल्लं. पाण्याचे घोट तेवढे घ्यायची. दिवस जात राहिले आणि तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

शेवटी आवडा तिच्या पुढ्यात बसली. म्हणाली, "आये, काय केलं तर खाल? सांगा, मी करते."

सरसाबाईनं पुढ्यातली पेज बाजूला सारली. मग म्हणाली, "भात बघितला की धाकू दिसतो. भाकरी बघितली की दिसतो. माझ्यासंगती बसून त्यानं खाल्लं नाही असं काय आहे या घरात? तोंडाशी घास नेला की वाटतं, त्याच्या वाटणीचा खाते आहे."

आवडा उठली. तिनं मनाशी ठरवलं, की जे या घरात कधी कोणी खाल्लंच नाही, ते करायचं. मग त्यात धाकू दिसणार नाही.

तिनं नाचणीचं पीठ घेतलं, त्यात गूळ आणि खोबऱ्याचं दूध घातलं, मडक्यात ओतलं, आणि मडक्याच्या खाली निखारे, झाकणावरही निखारे ठेवले. जे निघालं ते तळाला करपलेलं आणि मध्ये कच्चं होतं. आवडाला रडू आलं. पण सरसाबाईनं त्याचा तुकडा मोडला, हुंगला, आणि तोंडात टाकला.

"वाईट झालंय," ती म्हणाली. "पण हे कधी खाल्लं नव्हतं." आणि तिनं दुसरा तुकडा मोडला.

अशी सुरुवात झाली. पण एकदा खाल्लेलं दुसऱ्यांदा चालत नसे, कारण मग ते नवं राहत नसे. म्हणून आवडा रोज काहीतरी वेगळं भाजायला लागली. कधी पिकल्या केळ्याचा रोट, कधी फणसाच्या रसात तांदळाचा रवा, कधी काजू कुटून केलेल्या खुसखुशीत वड्या. एकदा तिनं गव्हाची बिस्किटं केली ती इतकी टणक झाली, की सरसाबाईनं एकच बिस्किट सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चघळलं. मडकं पुरेना, तेव्हा आवडानं परसात चिऱ्याची आणि मातीची भट्टी बांधली. त्यात ती करवंट्या जाळायची. त्या भट्टीत नुसता हात घातला तरी तिचा हात कधी भाजला नाही, असं म्हणतात.

त्याच सुमारास बंदरात एक गलबत दुरुस्तीला लागलं. त्यावर हसनमियाँ नावाचा म्हातारा स्वयंपाकी होता. वास घेत घेत तो आवडाच्या परसापर्यंत आला, तिथं टांगलेली माडीची मडकी बघितली आणि कुंपणाबाहेरूनच म्हणाला, "बेटी, तुझी कणीक झोपलेली आहे. तिला जागी कर."

"कशी जागी करू?"

"नवऱ्याला विचार. त्याच्या मडक्यात फसफसतं ते काय?"

आवडानं माडीत कणीक भिजवली आणि फडक्याखाली झाकून ठेवली. थोड्या वेळानं फडकं उचललं, तर कणीक दुप्पट फुगलेली. ती भट्टीत गेली आणि माडवेळात पहिल्यांदा पाव भाजला गेला. त्या वासानं समुद्रावरची पाखरं वळून किनाऱ्यावर आली, आणि ओहोटीचं पाणी जरा वेळ थांबून राहिलं, असं म्हणतात.

पाखरं आली तशी गावातली वडीलधारी माणसंही आली. पाव ही तेव्हा परक्यांची वस्तू. पाव खाल्ला की माणूस बाटतो, अशी समजूत. सगळ्यांच्या पुढे बाबाजी गावकर होता. तो अंगणात उभा राहून म्हणाला, "आवडे, भट्टी मोड. तू घर बाटवलंस, आता गाव बाटवशील."

आवडा मान खाली घालून उभी राहिली. बोलली ती सरसाबाई.

"बाबाजी, गावानं माझा धाकू आणून द्यावा. मग मी गावाच्या रीतीनं भात खाईन."

लोक एकेक करून परतले. बाबाजी शेवटपर्यंत तिथेच राहिला. मग तोही जोत्यावर टेकला आणि हळूच म्हणाला, "माझी पोरगी गेली तेव्हा मला सुद्धा घास जात नव्हता." आवडानं त्याच्या हातावर पावाचा तुकडा ठेवला. त्यानं तो खाल्ला. त्या दिवसानंतर भट्टी मोडायची गोष्ट कोणी काढली नाही. उलट घाटावरून येणारे बैलवाले तिच्यासाठी गहू टाकून जात, गलबतवाले जायफळ आणि खजूर देत.

ऋतूमागून ऋतू गेले. सरसाबाईच्या अंगावर मांस चढलं. पण ती उंबऱ्यावरून हलली नाही, आणि डोळ्यांतून तिच्या पाणी काही आलं नाही.

मग एका श्रावणात आवडा तापानं पडली. भट्टी थंड राहिली. हिरूनं पेज करून दिली, ती तिनं परत सारली. दुसऱ्या दिवशीही तेच. उंबऱ्यावरून सरसाबाई बघत होती. बघता बघता ती भिंतीला धरून उभी राहिली आणि परसात गेली. मांडवावरून तिनं पिवळी जून काकडी तोडली, किसली, तांदळाच्या रव्यात गूळ घालून कालवली, आणि भट्टी पेटवली. कोकणातल्या घराघरात होतं ते धोंडस तिनं केलं. धाकूला ते फार आवडायचं, म्हणून इतके दिवस त्या घरात झालं नव्हतं.

तिला भट्टीची सवय नव्हती. धोंडस एका बाजूनं काळं झालं. तेच ताटलीत घेऊन ती सुनेच्या उशाशी बसली.

"खा गो," ती म्हणाली. "माझ्यापायी किती भाजत बसलीस. आता मी भाजलंय."

आवडानं ताटलीकडे बघितलं. "आये, हे तर..."

"हो. त्याचंच."

"तुम्ही खाल?"

सरसाबाईनं एक घास सुनेच्या तोंडात घातला आणि एक आपल्या. आणि मग ती रडली. इतकी रडली, की हिरू माडावर होता तो खाली उतरून धावत आला. त्याला वाटलं बायको गेली. बघतो तर दोघी एकमेकींना धरून रडताहेत आणि रडता रडता खाताहेत.

आवडा बरी झाली. सरसाबाई भात-भाकरी खायला लागली, पुढे कितीतरी वर्षं जगली. आता रोज नवं भाजायचं कारण उरलं नव्हतं. पण आवडाला कळून चुकलं होतं, की उंबऱ्यावर बसलेलं माणूस प्रत्येक घरात कधी ना कधी असतंच. ज्या घरात माणूस जाई, त्या घरी ती जायची. विचारायची, "काय आवडीनं खायची ती? काय खायचा तो?" आणि ते सोडून, त्या घरानं कधी चाखलं नाही असं काहीतरी भाजून न्यायची. नेऊन समोर ठेवायची आणि गप्प बसून राहायची. तिची भट्टी पुढे पुढे इतकी शहाणी झाली, की बातमी गावात यायच्या आधीच आपोआप तापायची, असं म्हणतात.

आवडाही म्हातारी झाली आणि एका पहाटे झोपेतच गेली. त्या दिवशीही भट्टी ऊन होती.

हिरू उंबऱ्यावर बसला. गावातल्या बायका जमल्या आणि पेचात पडल्या. या घरानं चाखलं नाही असं न्यायचं काय? सगळंच तर तिनं केलेलं. एक म्हणाली खजुराचं, दुसरी म्हणाली ते झालंय. कोणी म्हणालं कोकमाचं, तेही झालेलं. तेव्हा बाबाजी गावकराची नात म्हणाली, "आपण तिच्याकडचं खाल्लं. आपल्या घरचं तिच्या भट्टीत कधी गेलंय का?"

मग घराघरातून मूठमूठ पीठ आलं. कोणाचं तांदळाचं, कोणाचं नाचणीचं, कोणाचं वरीचं, कोणाचं गव्हाचं. ज्यांच्यात वैर होतं त्यांच्याही मुठी एकाच परातीत पडल्या. त्याचा मोठा रोट भट्टीत घातला. तो वेडावाकडा फुगला, वरून तडकला. हिरूनं तुकडा मोडला आणि खूप वेळ चावत राहिला.

"याला काय म्हणायचं?" त्यानं विचारलं.

त्यानं आणखी एक तुकडा मोडला. हिरूच म्हणाला, "आवडा म्हणा."

तेव्हापासून माडवेळात रीत पडली. घरात माणूस गेलं, की शेजारपाजारचे मिळून गावात कधी झालं नाही असं काहीतरी भाजतात. बिघडलं तरी तेच नेतात. आणि गेलेल्या माणसाचं नाव त्याला देतात. आता गावात विजेच्या भट्ट्या आल्या, पोरी शहरात जाऊन केक शिकून येतात, तरी रीत तीच आहे.

कधी गेलात तिकडे, तर तुम्हांला चहाबरोबर विचारतील, "सुंदरी घेता का, की थोडा गोविंदा देऊ?" नवा माणूस दचकतो. मग घरची बाई ताटली पुढे करते आणि सुंदरी कोण होती, कशी हसायची, ते सांगायला बसते. तिचं सांगून होईपर्यंत चहा निवतो. त्याबद्दल माडवेळात कोणी तक्रार करत नाही.