पळवाटेचा धडा

मुलांनो, शेकरू तुम्ही पाहिलं नसेल तर आधी तेवढं सांगतो. खारीपेक्षा कितीतरी मोठं, तांबूस अंगाचं, झुबकेदार शेपटीचं आणि सहसा जमिनीवर न उतरणारं असं हे जनावर. त्याचं खाणं झाडावर, झोपणं झाडावर आणि जाणं-येणं एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत. घाटमाथ्यावरच्या एका दाट रानात अशा शेकरांची वस्ती होती, आणि त्या वस्तीत एक शेकरीण आपल्या एकुलत्या एका पिल्लाबरोबर राहत होती.

एकुलतं, कारण तिचं आधीचं पिल्लू गरुडाने नेलं होतं. भर सकाळी, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून तिला दुसरा ध्यासच उरला नव्हता. हे पिल्लू गरुडाच्या तावडीत सापडू द्यायचं नाही, बस्स. तिचं काळीज खरंच जळालेलं होतं, त्यामुळे तिला कुणी काही सांगायला गेलं की ती म्हणायची, "ज्याचं गेलं त्याला विचारा." मग समोरच्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं.

वस्तीतल्या पिल्लांची शाळा एका मोठ्या जांभळीवर भरे. शिकवायला एक म्हातारा वानर होता. त्याला सगळे गुरुजी म्हणत. गुरुजींचा सगळ्यात महत्त्वाचा धडा म्हणजे पळवाटेचा. गरुड आला की घाबरून कुठेही धावायचं नाही, ठरलेल्या वाटेने जायचं. "जांभळीवरून हिरड्यावर, हिरड्यावरून पांगाऱ्याच्या खालच्या फांदीवर, तिथून थेट अंजनीच्या गर्दीत." अंजनीची झाडं इतकी दाट होती, की तिथे गरुडाला पंखही पसरता येत नसत. तिथे पोचलं की सुटलं.

पौषात थंडी कडक पडली. सकाळी धुकं हटेना, फांद्या दवाने निसरड्या झाल्या, तेव्हा गुरुजींनी सुट्टी दिली. पिल्लांना न्यायला आया आल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "सुट्टीत धडा विसरू देऊ नका, आणि उन्हं वर आली की पोरांना मोकळं हिंडू द्या." बाकीच्या आयांनी दोन्ही ऐकलं. आपल्या शेकरिणीने पहिलं तेवढं ऐकलं आणि पिल्लाला पाठीवर घेऊन ती घरी गेली. मोठी माणसंसुद्धा असंच करतात, हे तुम्हांलाही ठाऊक असेल.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरट्यात शाळेपेक्षा कडक शाळा सुरू झाली. तिने घरट्याला आतून मऊ सालीचं नवं अस्तर घातलं, पिकलेली उंबरं आणून ठेवली आणि पिल्लाला मधोमध बसवलं.

"हं, म्हण."

"जांभळीवरून हिरड्यावर..." पिल्लू सुरू करायचं.

"मोठ्याने. आणि न अडखळता."

पिल्लू हुशार होतं. थोड्याच दिवसांत ते धडा सुलटा म्हणायला लागलं, उलटा म्हणायला लागलं, मधूनच विचारलं तरी तिथून पुढे म्हणायला लागलं. आईचा ऊर भरून यायचा. ती त्याला उंबर भरवायची आणि पाठीवरून पंजा फिरवायची. खाऊन खाऊन आणि बसून बसून पिल्लू चांगलं गुबगुबीत झालं. आईला तेही आवडलं.

बाहेर मात्र उन्हं वर आली की नुसता गोंधळ असे. वस्तीतली सगळी पिल्लं जांभळीवर जमत. त्यांचा एक खेळ होता, गरुड-गरुड. एकजण गरुड व्हायचा आणि वरून चीत्कारत झेप घ्यायचा. बाकीचे जीव घेऊन अंजनीकडे पळायचे. जो सापडेल त्याच्यावर गरुड व्हायची पाळी. कुणी घसरायचं, कुणी लोंबकळायचं, कुणाच्या शेपटीचे केस उपटले जायचे, आणि मग हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळायची.

तो खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेकरिणीचं डोकंच फिरलं. ती घरट्याच्या तोंडाशी येऊन ओरडली, "मेल्यांनो, गरुडाचा कसला खेळ करता? लाज नाही वाटत?"

पिल्लं दचकून गप्प झाली. ती आत वळताच पुन्हा सुरू झाली. पिल्लं ती.

"आई, मी जाऊ? थोडा वेळच," तिच्या पिल्लाने विचारलं.

"काही नको. उनाडक्यांशिवाय त्यांना दुसरं काही नाही. तुला पळवाट शिकायचीय ना? मग बस आणि म्हण."

"पण आई, तीही पळवाटेनेच पळतायत."

"ती खेळतायत. तू शिकतोयस." पिल्लू पुन्हा मधोमध जाऊन बसलं. आईपुढे ते कधी उलटून बोलत नसे, इतकं ते गुणी होतं.

शेजारच्या घरट्यातली शेकरीण एकदा मुद्दाम येऊन बसली. म्हणाली, "अगं, घडीभर पाठवत जा की त्याला. माझी तिघं आहेतच. पोराचे पाय आखडतील अशाने."

"तुझी तीन आहेत. माझं एक आहे," शेकरीण म्हणाली.

शेजारणीने डोळे पुसले आणि ती उठून गेली. पुन्हा तिने विषय काढला नाही. तिने काढायला हवा होता, असं मला वाटतं. पण दुसऱ्याच्या जखमेपुढे चांगली चांगली शहाणी मंडळीही हात जोडून उभी राहतात.

इकडे रान आपल्या गतीने बदलत होतं. हिरड्याची पानं विरळ झाली. पांगाऱ्याची तर सगळीच गळली, आणि त्याच्या खालच्या फांदीला भुंगा लागून ती आतून पोकळ झाली. बाहेरून साल होती तशीच होती. खेळता खेळता एका पिल्लाने तिच्यावर उडी मारली, तेव्हा ती करकरली. पिल्लू घाबरून मागे फिरलं आणि त्याने सगळ्यांना हाका मारल्या. सगळ्यांनी लांबून तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि त्या दिवसापासून खेळातली वाट बदलली. हिरड्यावरून पांगाऱ्याच्या वरच्या फांदीवर जायचं. उडी लांबची होती. सुरुवातीला बरेचजण चुकले, खालच्या वेलींना लटकले, पुन्हा चढले. सुट्टी संपेपर्यंत ती उडी त्यांच्या पायांत बसली. याला शिकणं म्हणतात हे त्यांच्या गावीही नव्हतं, म्हणून मोठ्यांना सांगायचंही त्यांना सुचलं नाही.

धुकं हटलं आणि शाळा उघडली. शेकरीण स्वतः पिल्लाला घेऊन जांभळीवर आली. गुरुजींनी विचारलं, "धडा कुणाला येतो?" कुणी अर्धवट म्हटला, कुणी मध्येच अडकलं, शेजारणीच्या धाकट्याला तर सुरुवातच आठवेना. मग तिचं पिल्लू उठलं आणि त्याने खणखणीत आवाजात धडा म्हणून दाखवला. गुरुजी खूश झाले. शेकरिणीने सगळ्या आयांकडे एकदा पाहून घेतलं. तेवढं सुख तिला मिळालं, हेही सांगायला हवं.

उन्हं अजून कोवळी होती. पानं गळाल्यामुळे आभाळ उघडं पडलं होतं, आणि त्या उघड्या आभाळातून गरुड आला.

एकच चीत्कार झाला. पिल्लं क्षणात उधळली. जांभळीवरून हिरडा, हिरड्यावरून वरच्या फांदीची ती लांबची उडी, आणि अंजनी. ज्याला धडा सुरूही करता आला नव्हता, तो शेजारणीचा धाकटा सगळ्यांच्या आधी गर्दीत शिरला.

तिचं पिल्लू मागे राहिलं. त्याचं अंग जड झालं होतं, पाय आखडले होते, पण ते डगमगलं नाही. ते तोंडाने धडा म्हणत होतं. हिरड्यावर ते कसंबसं पोचलं. मग धड्यात होतं तसं त्याने पांगाऱ्याच्या खालच्या फांदीवर नेम धरला.

अंजनीतून पिल्लं जिवाच्या आकांताने ओरडली, "तिथे नको! वरच्या! वरच्या!"

वरची फांदी त्याच्या धड्यात नव्हती. त्याने उडी मारली. फांदी कडाड मोडली आणि फांदीसकट ते खाली गेलं.

गरुडाच्या हाती काही लागलं नाही. तो दोन घिरट्या घालून निघून गेला. पिल्लू खाली कारवीच्या झुडपांत पडलं होतं, म्हणून जिवंत राहिलं. शेकरीण आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर उतरली. पिल्लाने डोळे उघडले आणि विचारलं, "आई, माझं काय चुकलं?"

"काही नाही रे राजा. तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली. खोटं बोलून ती त्याची समजूत घालत नव्हती. त्याचं खरोखरच काही चुकलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारणीचा धाकटा धापा टाकत जवळच्या बुंध्यावर उतरला. "मावशी, ती फांदी पोकळ झालीय," तो रडवेला होऊन म्हणाला. "आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं. तो खेळायला आला असता तर त्यालाही कळलं असतं."

शेकरीण पिल्लाच्या अंगावरचा पाला काढत राहिली.

पिल्लाचे मागचे पाय पुन्हा हलले नाहीत. सगळ्यांनी मिळून त्याला घरट्यात आणून ठेवलं. आता वस्तीतली पिल्लं रोज संध्याकाळी येऊन त्याच्यापाशी बसतात. कुठली फांदी नवी फुटली, कुठली वाळली, कुठून कुठे उडी बसते, सगळं सांगतात. ते मन लावून ऐकतं आणि एकदा ऐकलेलं विसरत नाही. त्या रानातली प्रत्येक फांदी आज त्याला तोंडपाठ आहे. अडलं की मोठी शेकरंसुद्धा त्याला विचारायला येतात. त्याची आई तेव्हा घरट्याच्या तोंडाशी पाठ करून बसलेली असते. त्याचं कौतुक तिला ऐकवत नाही.

तात्पर्य : सुट्टीत मुलाच्या तोंडी नुसता धडा दिला आणि पायांना कुलूप घातलं, तर त्याला जगाची माहिती होते, जग मिळत नाही.