धोंडाक्का मुऱ्हाळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तेव्हा राजे होते, राजांना गड होते आणि गडावर तुरुंग होते, एवढं पुरे. कोरलगडावर असाच एक तुरुंग होता आणि त्यात बायकांची वेगळी कोठडी होती. त्या कोठडीच्या किल्ल्या धोंडाक्का नावाच्या बाईच्या कमरेला असायच्या. तिला सगळे जमादारीण म्हणत. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव धोंडा ठेवलं, यमाला तरी नको वाटावी म्हणून. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला आणि पुढं कुणाच्या तरी शब्दानं ती गडावर नोकरीला चिकटली. अंगानं दांडगी, आणि आवाज असा की ती गडावर खोकली तर खाली पेठेतली कुत्री उठून बसायची, असं म्हणतात.

धोंडाक्का कामाला कडक होती. तिच्या हातून एकही बाई पळाली नाही आणि याचा तिला तोरा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण थोरामोठ्यांना जन्मापासूनच देव करून ठेवायची आपल्याला खोड आहे. ती देव नव्हती. हुकूम आला की मान डोलवायची, कुलूप लावायची, भाकरी खायची आणि झोपायची.

आता त्या गडाचा कायदा ऐका, आणि ऐकून रक्त तापलं नाही तर खुशाल उठून घरी जा. पुरुष कैद्याची शिक्षा संपली की तो दरवाज्याबाहेर. बाईचं तसं नाही. बाईची शिक्षा संपली तरी तिला न्यायला घरचं माणूस यायला पाहिजे. सासरी असलेल्या लेकीला सणाला माहेरी न्यायला जो येतो त्याला आपण मुऱ्हाळी म्हणतो ना, तसा कुणी मुऱ्हाळी गडाच्या दाराशी आला तर बाई सुटायची. नाही आला तर नाही. आणि येणार कोण? सासरनं टाकलेली, माहेरनं तिच्या नावानं आंघोळ केलेली. मग शिक्षा भोगून झालेल्या बाया तिथंच म्हाताऱ्या व्हायच्या आणि तिथंच मरायच्या.

आणि तोवर दळायच्या. राजवाड्याचं पीठ, शिपायांचं पीठ, घोड्यांच्या हरभऱ्याची भरड, सगळं त्यांच्या जात्यांवर, फुकटात. गडाचे कारभारी होते बाबाजीराव. ते म्हणायचे, "बाईमाणूस एकटं कुठं सोडायचं? वाटेत वाघ खाईल." वाघाची काळजी कुणाला होती? काळजी होती पिठाची. वाघानं तरी पोट भरल्यावर सोडलं असतं.

त्या कोठडीत हौसा नावाची एक बाई होती. पाटलाच्या लेकानं रानात हिचा हात धरला, हिनं खुरपं चालवलं आणि त्याचा एक कान गेला. हिला शिक्षा झाली. त्याला काय झालं? त्यानं उरलेल्या कानात मोत्याची भिकबाळी घातली आणि मिरवत फिरला. हौसाची शिक्षा संपून वर्षं लोटली होती. पण श्रावण लागला, पंचमी जवळ आली की ती केस विंचरायची, गाठोडं बांधायची आणि दरवाज्याजवळ जाऊन बसायची. भाऊ येईल म्हणून. दरसाल बसायची आणि दरसाल धोंडाक्का तिला दंडाला धरून परत आत आणायची.

एका पंचमीला हौसा बसल्याजागी खोकली आणि पदराला रक्त लागलं. धोंडाक्का तिला उठवायला गेली तेव्हा ती म्हणाली, "आक्का, पुढल्या पंचमीपत्तुर मी काय टिकत न्हाई. मरनाचं काय न्हाई वं. पन हितं नगं. हितं मेले तर मी सुटलेच न्हाई की."

त्या दिवशी धोंडाक्काचा हात हौसाच्या दंडावर गेला आणि तसाच गळून पडला. आपण इतकी वर्षं कुणाला कोंडतोय, असं तिच्या मनात आलं. ज्यांचा गुन्हा फिटला त्यांना. मग आता गुन्हेगार कोण राहिलं? हा प्रश्न तिला रात्री जेवू देईना.

सकाळी ती उठली आणि थेट हौसाच्या माहेरी, शेंदुर्ड्याला गेली. भाऊ अंगणातल्या आंब्याला झोका बांधत होता. सणाला आलेल्या लेकी अजून सासरी परतल्या नव्हत्या, त्यांच्यासाठी. धोंडाक्कानं सगळं सांगितलं. त्यानं दोराची गाठ आवळली, झोका ओढून बघितला आणि म्हणाला, "आमच्या धाकल्या पोरी अजून उजवायच्या हायत. तुरुंगातली बया घरात आनली तर कोन करंल त्यांना? ती आमाला मेली."

"अजून मेली न्हाई, तेच सांगाया आले," धोंडाक्का म्हणाली.

त्यानं दोराला दुसरी गाठ मारायला घेतली. झोका मात्र मजबूत बांधला होता हो त्यानं. परत येताना धोंडाक्काच्या पायाखालचं गवत रागानं करपत गेलं, असं म्हणतात. आजही त्या पायवाटेवर गवत उगवत नाही. गुरं जातात म्हणूनही नसेल उगवत, पण मला पहिलं कारण पटतं.

ती आली ती तडक कारभाऱ्यांच्या पुढ्यात. बाबाजीराव जेवत होते.

"हौसाला मी नेते," ती म्हणाली.

बाबाजीरावांना हसू आवरेना. "तू? तू सरकारची नोकर. आणि नेशील कुठं, शेजारच्या खोलीत? न्यायला येणाऱ्याला गाव लागतं, घर लागतं. आणि ते घर आहे असं शेजारच्या गावानं म्हणावं लागतं. कायदा आहे, धोंडाबाई."

धोंडाक्कानं कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि कारभाऱ्यांच्या ताटात, भाकरीच्या शेजारी ठेवल्या. "ह्या कालवनासंगं खावा," ती म्हणाली आणि गड उतरली. बाबाजीरावांच्या हातातला घास हातातच राहिला, असं म्हणतात.

पिंपरवणे गावाच्या शिवेबाहेर एक माळ होता. त्याला भुताचा माळ म्हणत. खडक, निवडुंग आणि वारा, दुसरं काही नाही. कुणाचाच नव्हता म्हणून धोंडाक्कानं तो घेतला. एकटीनं दगड रचले, गवताचं छप्पर घातलं, चूल मांडली. तिन्हीसांजेला भुतं तिला दगड आणून द्यायची, असं म्हणतात. माणसं देत नव्हती, हे तर नक्कीच. ज्या खडकावर ती डोकं टेकून रडली त्यातून पाण्याचा झरा फुटला, असंही म्हणतात. पण ती रडली असेल यावर जुन्या बाया विश्वास ठेवत नाहीत. त्या म्हणतात, तिनं खडकाला शिव्या दिल्या आणि खडकाला लाज वाटली.

घर झालं. आता ते घर आहे असं पिंपरवण्यानं म्हणायचं राहिलं होतं. धोंडाक्का तिथल्या पाटलाकडं गेली. पाटील म्हणाला, "चार दगडांवर गवत टाकलं म्हंजे घर व्हतं व्हय? उद्या तू तुरुंगातल्या बाया आनून आमच्या शिवेला बसवशील. आमी न्हाई घर म्हननार." ती पुन्हा गेली. दिवाळीला गेली, शिमग्याला गेली. दर खेपेला तेच. गावातली माणसं माळावरून जाताना त्या घराकडं बघायचीसुद्धा नाहीत. बघितलं तर घर म्हणावं लागेल ना. इकडं हे चाललेलं आणि तिकडं गडावर हौसा खोकत होती, दळत होती.

मग आषाढात एक दिवस भरदुपारी पिंपरवण्याची एक सून पळत माळावर आली. गिरजा तिचं नाव. पाठीवर वळ, अंगावर फाटकं लुगडं. धोंडाक्कानं काही विचारलं नाही. तिला चुलीपाशी बसवलं आणि स्वतः उंबऱ्यात उभी राहिली.

थोड्या वेळानं पाटील आला, गिरजाचा नवरा आला, मागं काठ्या घेऊन निम्मा गाव आला. गावाचा तराळ भिकनाक, तोही होता. तराळ म्हणजे सरकारी सांगावे पोचवणारा आणि गावाची शीव राखणारा माणूस. स्वतः गावकुसाबाहेर राहायचा, गावानं ठेवलेला. पण शिवेचा तंटा निघाला की तराळ सांगेल तीच शीव, असा सरकारचा रिवाज होता. इतर वेळी ज्याची सावली नको, त्याचाच शब्द सरकारदरबारी खरा. बघा आपली अक्कल.

गिरजाचा नवरा ओरडला, "आमची बायको तुझ्या घरात हाय. भाईर काड तिला."

धोंडाक्का म्हणाली, "कशात हाय?"

"घरात. ह्याच घरात."

ती पाटलाकडं वळली. "पाटील, माझी चूक व्हायला नको. कुठं हाय म्हनताय तुमच्या गावची सून?"

पाटील तापलेलाच होता. "डोळं फुटलं का तुझं? ह्या तुझ्या घरात हाय, आमी समद्यांनी बघितली घरात शिरताना."

धोंडाक्का हसली. किती तरी महिन्यांनी हसली असेल. "भिकनाकदादा, ऐकलंसा?"

भिकनाक पुढं आला. पाटलाकडं न बघता त्यानं वाकून माळाच्या मातीला हात लावला आणि म्हणाला, "ऐकलं. गावानं घर म्हटलंय. इचारलं तर सरकारात हेच सांगीन."

पाटलाचं तोंड तेव्हा कसं झालं असेल ते तुम्हीच बघा डोळ्यापुढं आणून. गिरजाला काही त्यांना नेता आलं नाही. "लेक न्यायची तर शिदोरी घेऊन येत्यात, काठी घेऊन न्हाई," धोंडाक्का म्हणाली आणि उंबऱ्यातून हलली नाही. गिरजा त्या माळाची पहिली लेक.

पंचमी आली. भिकनाकानं उकिरड्यावरचा एक मोडका गाडा जोडून दिला. बैल कुणी देईना. तेव्हा धोंडाक्कानं आणि गिरजानं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. गाड्यात शिदोरी, नवं हिरवं लुगडं, आणि पुढं भिकनाक. असे तिघं गडाच्या दरवाज्याशी येऊन उभे राहिले.

भिकनाकानं मातीला हात लावून साक्ष दिली. बाबाजीरावांनी ती ऐकली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं, घर झालं. पण रक्ताचं नातं कुठाय?"

घ्या. वर्षभर बाई राबली आणि ह्यांनी कायद्याला नवं शेपूट लावलं. असल्या लोकांचा कायदा म्हणजे उंदराचं बीळ, एक तोंड बुजवलं की दुसरं उघडतं.

धोंडाक्का वाद घालत बसली नाही. तिनं तटाकडं तोंड केलं आणि कंबर कसून हाक दिली, "हौसे, माहेरचा गाडा आला गं. गाठोडं घे आनि ये."

त्या हाकेसरशी गडावरची सगळी जाती थांबली, असं म्हणतात. बायांनी थांबवली नाहीत. त्यांनी तर खुंट्याला जोर लावला, पण दगड दगडाला चिकटला तो चिकटला. शिपायांनी लाथा घातल्या, तेल ओतलं, शेवटी एका जात्याला घोडा जुंपला. खुंटा मोडला, जातं हललं नाही. शिपाई उपाशी राहिले, घोड्यांनी दावणी मोडल्या, राजवाड्यात भाकरी गेली नाही. दरवाज्यात धोंडाक्का बसून राहिली आणि सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला हाका मारत राहिली. शेवटी राजानं विचारलं, "भाकरी का नाही?" तेव्हा त्याला जन्मात पहिल्यांदा कळलं की आपली भाकरी कुठून येते. लाज वाटली की भूक लागली होती ते देव जाणे, पण दरवाजा उघडायचा हुकूम आला.

हौसा बाहेर आली. अंगात काही उरलं नव्हतं, पण केस विंचरलेले होते. धोंडाक्कानं ते हिरवं लुगडं तिच्या खांद्यावर घातलं आणि म्हणाली, "चढ."

हौसा गाड्याला धरून उभी राहिली. "आक्का, मी एकटी न्हाई चढायची. आत आनखी हायत."

धोंडाक्का ओशाळली. हौसाच्या ध्यासात तिला बाकीच्या आठवल्याच नव्हत्या. मग ज्या तोंडानं तिनं वर्षानुवर्षं हजेरी घेतली होती, त्याच तोंडानं ती एकेकीला हाका मारू लागली. शिक्षा संपलेली एक बाई ती विसरली नाही. नाव घेतलं की बाई बाहेर, नाव घेतलं की बाई बाहेर. कुणी कुबडीवर, कुणी रांगत. शेवटची बाहेर पडली तेव्हा गाड्यात जागा नव्हती, म्हणून ज्यांना चालता येत होतं त्यांनी गाडा ओढला. रिकामी पडलेली जाती मग पुढं खुद्द बाबाजीरावांना ओढावी लागली, असं म्हणतात.

हौसा त्याच श्रावणात गेली असं काही जण सांगतात, काही जण सांगतात की ती नातवंडांच्या वयाच्या पोरांना अंगाखांद्यावर खेळवून गेली. पण गेली ती माळावर, गडावर नाही, यात कुणाचं दुमत नाही.

माळावर घरं वाढली. दळायला तर त्या बायांना सांगायला नकोच होतं, आता त्या स्वतःसाठी दळू लागल्या आणि पंचक्रोशीतल्या लग्नघरांचं पीठ माळावरून जाऊ लागलं. ज्यांना ह्या बायांच्या सावलीचा विटाळ होता, त्यांच्याच पंगतीत ह्यांच्या पिठाच्या पोळ्या वाढल्या जायच्या आणि लोक मिटक्या मारत खायचे. पुढं सुटलेले पुरुषही आले. विहीर झाली, शाळा झाली. भिकनाकाचं घर गावाच्या मधोमध बांधलं, धोंडाक्काचा तसा हुकूमच होता. भुताचा माळ हे नाव पुसलं गेलं आणि लेकीचा माळ हे नाव पडलं.

धोंडाक्का जाऊन कैक पिढ्या झाल्या. राजे गेले, कोरलगडावर आता सहलीची पोरं चढतात. कायदाही बदलला म्हणे, शिक्षा संपली की बाई सुटते. सुटते खरी, पण दरवाज्याबाहेर येऊन उभी राहते आणि तिला कळत नाही, डावीकडं जावं की उजवीकडं. भाऊ अजून झोकेच बांधतायत.

म्हणून पंचमीच्या आदल्या दिवशी लेकीच्या माळावरून आजही एक बैलगाडी निघते आणि जिल्ह्याच्या तुरुंगाशी जाते. गाडीत शिदोरी असते आणि हिरवं लुगडं असतं. दरवाज्याजवळ आल्यावर बैल सोडतात आणि गावच्या बाया जू खांद्यावर घेतात. मग त्यांच्यातली सगळ्यात थोरली हाक देते, "धोंडाक्काच्या माहेरचा गाडा आलाय. जिला कुनी आलं न्हाई तिनं यावं."

ज्या वर्षी गाडी रिकामी परत येईल त्या वर्षी गावजेवण घालायचं, असा धोंडाक्काच्या नावानं नवस बोललेला आहे. तो नवस अजून फिटलेला नाही.