कुरणावरची हरकत

डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाला लागून एक मोठे कुरण होते आणि त्या कुरणात एक टिटवी राहत असे. बालमित्रांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. ती उघड्या जमिनीवरच अंडी घालते. एके सकाळी कुरणात जागोजाग पांढरे खुंट ठोकलेले दिसले. ते कोणी ठोकले आणि कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वडाच्या खोडावर पंचायतीची नोटीस होती : 'ही जमीन कुरण न ठेवता लांडग्यांच्या कोळसाभट्ट्यांना देण्याचा प्रस्ताव आहे. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी.'

सगळे प्राणी नोटिशीपुढे जमले. पंचायतीचा कारभारी कोल्हा तिथेच बसला होता. तो हसून म्हणाला, "घाबरण्यासारखं काही नाही. सध्या नकाशावरचा एक शब्द बदलायचा आहे, इतकंच. गवत जिथल्या तिथे राहील." सशाला हायसे वाटले आणि तो चरायला निघून गेला. "भट्ट्या येतील तेव्हा बघू," असे म्हणत रानडुक्करही वळले.

टिटवीला मात्र चैन पडेना. डोंगरापलीकडच्या कुरणाचा शब्द तीन वर्षांपूर्वी असाच बदलला होता आणि तिकडून पुन्हा कोणी इकडे आले नव्हते. पाचव्या दिवशी जोडीदाराला अंड्यांपाशी ठेवून ती डोंगर ओलांडून गेली. भर दुपार होती, पण तिथे ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नव्हते. झाडे उभी होती, पण एकालाही पान नव्हते. टिटवीने साद घातली, तर तिचा आवाज चोचीपाशीच विरून गेला. ती खाली उतरली तेव्हा तिचे पाय राखेत रुतले. राखेखालची जमीन ताप आलेल्या अंगासारखी कोमट होती.

तळ्याच्या काठावर एक हरणी उभी होती. ती पाण्याकडे बघत होती, पण पीत नव्हती.

"बाकीचे सगळे कुठे गेले?" टिटवीने विचारले.

हरणीने मान वळवली नाही. ती म्हणाली, "आम्हालाही विचारलं होतं. सात दिवस दिले होते. आम्ही आठव्या दिवशी गेलो."

"मग तू इथे का थांबलीस?"

"माझं पाडस इथेच आहे. धुरामुळे दिसत नाही, एवढंच."

"केव्हापासून शोधते आहेस?"

"पहिली भट्टी पेटली त्या दिवसापासून," हरणी म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागली.

टिटवी परतली. वाटेत तिने ओढ्यावर पाय धुतले, पण राख काही केल्या निघेना. सहाव्या दिवशी ती प्रत्येकाच्या बिळाशी आणि जाळीशी गेली. काय पाहिले तेवढेच तिने सांगितले, पदरचे काही घातले नाही. ऐकता ऐकता सशाचे कान खाली पडले. रानडुक्कर एवढेच म्हणाले, "उद्या मी येतो."

सातव्या दिवशी पंचायतीचा प्रमुख हत्ती सभेच्या कातळापाशी येऊन बसला. कोल्हा म्हणाला, "हरकत कोणाचीच नाही, असं धरून चालावं." इतक्यात गवत हलले आणि कुरणातले सगळे प्राणी बाहेर आले. टिटवी सर्वांपुढे कातळावरून चालत गेली. तिच्या मागे राखेची पावले उमटत होती.

हत्तीने सोंड टेकवून ती पावले हुंगली आणि तो थबकला. "तू कुठून आलीस?"

"डोंगरापलीकडच्या कुरणातून."

"लहानपणी मी तिथे पाणी प्यायला जायचो," हत्ती हळू आवाजात म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी मुदतीत कोणाचीच हरकत आली नाही, म्हणून मी होकार दिला. नंतर तिकडे फिरकलो नाही."

"आमची हरकत आहे," टिटवी म्हणाली. मग ससा, रानडुक्कर, एकेक जण तेच बोलला. कोल्ह्याने काही बोलायला तोंड उघडले, पण हत्तीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "हे कुरण कुरणच राहील," तो म्हणाला.

सभा उठली. प्राणी आपापल्या घरी गेले. हत्ती मात्र डोंगराच्या दिशेने एकटाच चालू लागला.

तात्पर्य : आपल्या जमिनीचा निर्णय कागदावर होतो तेव्हाच जागे व्हावे, स्वतः जाऊन खरे काय ते पाहावे आणि मुदत संपण्याआधी सर्वांनी मिळून बोलावे. मुदत टळल्यावर केलेली हरकत ऐकायला कोणी थांबत नाही.