दीक्षान्त समारंभातल्या रिकाम्या खुर्च्या

कुलगुरू केळुसकरांना आपल्या विद्यापीठाचा भारी अभिमान. "आमचा निकाल सत्त्याण्णव टक्के!" असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. हे टक्के फक्त शेवटच्या परीक्षेला बसलेल्यांचे आहेत, हे त्यांना सांगणार कोण? वर्गात येईनाशा झालेल्या मुलांच्या घरी जाऊन चौकशी करणारा एक कक्ष विद्यापीठात होता. "आपल्याकडे गळती आहेच कुठे?" म्हणत त्यांनी तोही बंद करायचा हुकूम काढला.

कक्षप्रमुख सुमतीबाई बिडवे वाद न घालता म्हणाल्या, "सर, जाता जाता दीक्षान्त समारंभाच्या खुर्च्या तेवढ्या मला मांडू द्या."

"मांडा की!"

समारंभाच्या दिवशी केळुसकर पाहुण्यांना घेऊन रुबाबात आत शिरले आणि दारातच थबकले. प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी होती. झगे घातलेली मुलं बसली होती, पण त्यांच्या मधेमधे, थेट शेवटच्या रांगेपर्यंत, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एवढ्या भरल्या सभागृहात एवढं ओसाडपण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, या कुणाच्या खुर्च्या?"

"तीन वर्षांपूर्वी आपल्याकडे प्रवेश घेतलेल्यांच्या, सर. एकही जास्तीची नाही."

केळुसकरांनी जवळची चिठ्ठी उचलली. रेवती झांबरे, तांबडवाडी. त्यांचा आवाज खाली आला. "मग ही मुलं गेली कुठे?"

सुमतीबाईंनी हात जोडले. "सर, एवढंच विचारायला आमचा कक्ष होता."

केळुसकरांनी ती चिठ्ठी जपून खिशात ठेवली.

"उद्यापासून पुन्हा विचारा," ते म्हणाले. सत्त्याण्णव टक्क्यांचं भाषण त्या दिवशी झालंच नाही.