उपडा रांजण

शुद्धलेखन चुकलं असेल तर आधीच माफी मागतो. लिहिणाऱ्याची शाळा आठवीत सुटली, त्यामुळे शब्द साधेच आहेत. गोष्ट मात्र थांब्यावरचे दामूअण्णा सांगतात तशीच उतरवली आहे.

मोरखळी घाटाच्या पायथ्याशी, एसटी थांबते तिथे, दगडी चौथऱ्यावर एक तडकलेला रांजण उपडा ठेवलेला आहे. त्याला शेंदूर नाही, घंटा नाही. पाहुणे हात जोडून विचारतात, हा कुठला देव? दामूअण्णा पानाची पिंक लांब टाकून येतात आणि म्हणतात, "देव नव्हे, खानावळीचं भांडं आहे. बसा."

असं सांगतात, की फार पूर्वी कोकणातलं मीठ घेऊन देशावर जाणाऱ्या गाड्या इथे मुक्काम करायच्या. वाटेच्या एका बाजूला भिवराबाईची खानावळ होती आणि समोर गोंदाजीची. भिवराच्या हाताला चव होती, पण गिऱ्हाईक गोंदाजीकडे वळायचं. तो बैल सुटायच्या आत धावत यायचा, "या सोयरे, या!" म्हणायचा, गरम पाण्याने पाय धुवायचा, अंगावर गुलाबपाणी शिंपडायचा, जेवणानंतर विडा द्यायचा. गाडीवानाला असा मान घरीसुद्धा मिळत नसे.

भिवराची पंगत रिकामी राहू लागली. पाटलाने निरोप धाडला, की शिमग्यापर्यंत खानावळ नीट चालली नाही तर जागा गोंदाजीला देईन. तिचा नवरा रखमाजी हबकला. जागा गेली की मागे शेत नव्हतं, घर नव्हतं.

"आपणही गुलाबपाणी आणू," तो म्हणाला. "तू जरा हसून बोलत जा. तुझं तोंड बघून माणूस अर्धपोटी उठतं."

"मी रांधू का दात दाखवू?" भिवरा म्हणाली.

एके सकाळी तिची चूल विझली होती म्हणून ती गोंदाजीच्या मागच्या दाराने विस्तव मागायला गेली. तिथे तिने जे पाहिलं ते दामूअण्णा पाहुण्यांचं जेवण झाल्यावरच सांगतात. ज्या फडक्याने रात्री गाडीवानांचे पाय पुसले, त्याच फडक्याने गोंदाजी थाळ्या पुसत होता. पंगतीत उरलेली आमटी, त्यात कुणाच्या मिशीचा केस, कुणी चावून टाकलेला शेंगेचा चोथा, सगळं परत हंड्यात ओतत होता. वर माशांचा थर होता. तो हाताने बाजूला सारून त्याने चव घेतली आणि पळी हंड्यातच सोडली. भिवरा विस्तव न घेताच परतली आणि गोठ्यामागे जाऊन ओकली.

त्या दिवसापासून तिची मान ताठ झाली. येणाऱ्या जाणाऱ्याला ती सांगायची, "माझ्याकडे गुलाबपाणी नाही, पण घाणही नाही."

एकदा एक म्हातारा गाडीवान तिच्याकडे जेवायला बसला. काही म्हणतात, तो घाटातला म्हसोबाच होता. भाकरी त्याने मिटक्या मारत खाल्ली. पाण्याचा तांब्या मात्र नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"बाई, चूल स्वच्छ, हात स्वच्छ. मग पाण्याला हा वास कसला?"

"सकाळीच झऱ्यावरून आणलंय!" भिवरा तडकली.

"आणलंस खरं. पण ओतलंस कशात?"

रांजण चुलीशेजारी कमरेइतका पुरलेला होता. सासूच्याही सासूपासून तो कधी रिता केलेला नव्हता. रांजण रिता झाला की घरची लक्ष्मी जाते, असा तेव्हाच्या लोकांचा समज. म्हणून जुन्या पाण्यावर नवं ओतत राहायचं. भिवराने बाही सारून खांद्यापर्यंत हात आत घातला. तळाशी मऊ, गार, बुळबुळीत काहीतरी लागलं. मूठ बाहेर काढली तर हिरवा गाळ, आणि त्यात फुगून पांढरी पडलेली पाल.

तिने कुदळ घेतली. रांजण उकरून काढला, ढकलत दारात आणला आणि भर वाटेवर, समोरच्या पंगतीदेखत, उलटा केला. काळं पाणी गोंदाजीच्या उंबऱ्यापर्यंत गेलं.

"अगं, लक्ष्मी ओतून टाकतेस!" रखमाजी ओरडला.

"ही लक्ष्मी?" तिने गाळाची ओंजळ त्याच्यापुढे धरली. "घ्या, देव्हाऱ्यात बसवा."

लोक थुंकले. त्यांतल्या दोघांनी तिथेच घशात बोटं घातली. गोंदाजी हसून म्हणाला, "बघा सोयरे, मघाशी मान ताठ होती हिची!" गोंदाजीवर बोट ठेवायला भिवराला आता तोंडच राहिलं नव्हतं. तिने राखेने रांजण घासला आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली, की रोज सकाळी हा दारात उपडा करीन, गिऱ्हाइकाने आत बघितल्याशिवाय थेंब भरणार नाही.

मग कितीतरी दिवस कुणी फिरकलं नाही. ती रोज उपडा करी, आडवा ठेवी, वाट बघे आणि गिऱ्हाईकच नाही म्हणून शेवटी स्वतःच आत बघून भरी. शिमगा जवळ आला. रखमाजीने भांडी बांधायला काढली.

तेव्हा तो म्हातारा घाट उतरून आला म्हणे. आडव्या रांजणात त्याने तोंड घातलं आणि हाक मारली, "ओ भिवरा!" गाळाने भरलेला रांजण कधी बोलत नाही. हा असा घुमला, की वरच्या वळणावर गाड्या थांबल्या. गाडीवान खाली आले, एकेकाने आत डोकावून आपापलं नाव पुकारलं, आणि हसत तिच्या पंगतीला बसले. जागा राहिली. गोंदाजीने आणखी मोठी गुलाबदाणी आणली, पण रांजण काही उपडा केला नाही. त्याच्या जागेवर आता घाणेरीचं रान माजलं आहे.

आजही मोरखळीत पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या रांजणात हाक मारतं, मग पाणी भरतात. पण खरं लिहायचं तर बरीच हॉटेलं आता दारात हार घातलेला रांजण ठेवतात, फोटोसाठी. प्यायचं पाणी मागच्या पिंपातून येतं. त्या पिंपात कुणी बघत नाही. एकदा बघितलं होतं, ते लिहवत नाही.

लिहिणाऱ्याचा चहाचा गाडा उघडायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी दामूअण्णांनी ही गोष्ट पुन्हा सांगितली. त्याचे मामा म्हणत होते, रंगीत दिवे लाव, गाणी लाव, दोन गोड शब्द बोलायला शीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवं कोरं निळं पिंप रस्त्यावर आणून उपडं केलं. कारखान्यातला प्लास्टिकचा कीस आणि कसलासा तेलकट वास बाहेर पडला. त्याने ते राखेने घासलं, धुतलं, आडवं ठेवलं. हाक मारायला कुणाला सांगावं, हे मात्र सुचेना. एक ट्रकवाला बघत उभा होता.

"नाव काय रे तुझं?"

"सुदाम," तो हळूच म्हणाला.

ट्रकवाल्याने पिंपात डोकं घातलं आणि ते नाव असं पुकारलं, की सगळा थांबा वळून बघायला लागला. मग सुदामने पाणी भरलं आणि स्टोव्ह पेटवला.